उजवा कोपरा

पाकीट फाडून आतले कागद मी टेबलावर पसरले आणि मग चष्मा शोधायला लागलो. पण चष्मा सापडायच्या आधीच ती सही मला दिसली. स्वतःची सही माणसाला चष्म्याशिवायही दिसते. तीन झेरॉक्स होत्या. दोन शब्दकोशाच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या, आणि एक टाइप केलेल्या कागदाची. तिन्हींवर माझी छोटी सही होती, चौतीस वर्षांपूर्वीची, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली, कारण तेव्हा मला वाटायचं की शेपटाशिवाय सही म्हणजे काहीच नाही. चिठ्ठ्यांचं मला नवल वाटलं नाही. टाइप केलेल्या कागदावरची सही मात्र उजव्या कोपऱ्यात होती. चष्मा सापडल्यावर मी पुन्हा पाहिलं. कागद उलटा धरलाय का, ते पाहिलं. झेरॉक्स काढताना डावी बाजू उजवी होत नाही हे मला कळतं, एवढं आयुष्य कागदातच गेलंय. तरी कुणाला तरी विचारावंसं वाटलं. "काय हो, कोण गेलं?" आमची ही आतून बाहेर येत म्हणाली. आमच्या वयात पाकीट आलं आणि नवरा गप्प झाला की बायको तेवढंच विचारते. मी म्हणालो, "कुणी नाही." ती म्हणाली, "मग तोंड का असं? मला वाटलं, दोघांनी वाटून रडायची बातमी आहे." मी हसलो की नाही, आठवत नाही. सही उजव्या कोपऱ्यात होती, आणि मी चौतीस वर्षं ती डाव्या कोपऱ्यात आहे असं समजून जगत आलो होतो.

हे दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी ती खोली सांगावी लागेल. एका छापखान्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर आमचं कोशाचं काम चाले. इंग्रजी शब्द आणि त्यांचे आपल्या भाषेतले अर्थ. पण नुसते अर्थ नव्हेत, शब्द कुठून आला, कसा बदलला, केव्हा मेला, तेही. खाली यंत्रं सुरू झाली की आमचं लांबलचक टेबल थरथरायचं आणि पेन्सिली हळूहळू एकाच बाजूला घरंगळायच्या. सहा खुर्च्या होत्या. मी मधल्या दोहोंपैकी एका खुर्चीवर बसायचो, म्हणून मला सगळे 'मधले' म्हणायचे. आणि फक्त खुर्चीमुळेच म्हणायचे असं मला तेव्हा वाटायचं. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी. चिठ्ठ्या पत्र्याच्या ट्रेमधून एकाकडून दुसऱ्याकडे जायच्या. चिठ्ठी वाचली की वर डाव्या कोपऱ्यात छोटी सही करायची: पाहिली. पटली तर उजव्या कोपऱ्यात करायची: मान्य. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. नवा माणूस आला की दोन दिवसांत त्याच्या हाताला तो लागायचा, जसं नव्या घरात दिव्याचं बटण अंधारात सापडायला लागतं. ज्या चिठ्ठीवर मोठे सर सोडून आणखी दोघांच्या उजव्या सह्या नसतील ती छापायला जायची नाही. मोठे सर म्हणजे मुख्य संपादक; त्यांचं टेबल वेगळं होतं. त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठीलाही दोन उजवे कोपरे लागत. हा त्यांनीच घातलेला दंडक होता आणि पाहुण्यांना ते तो अभिमानाने सांगत. अडचण एवढीच, की त्यांच्या चिठ्ठीवर कुणी नुसती डावी सही करून थांबल्याचं मला एकदाच आठवतं.

तो शब्द अगदी लहान होता. निल. जुन्या इंग्रजीतलं क्रियापद. नको असणं, नकार देणं. आज तो एकटा कुणाच्या तोंडात नाही. 'विली-निली' या जोडशब्दात, जिथे तुझं हवं-नको कुणी विचारत नाही अशा अर्थाने, तो कसाबसा तग धरून आहे. त्याची चिठ्ठी टाचणीबाईंकडे आली. टाचणीबाई आमच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसत. बाकीचे आम्ही दुरुस्तीचा कागद चिठ्ठीवर डिंकाने चिकटवायचो. त्या टाचणीने लावायच्या. म्हणायच्या, चिकटवलेलं सोडवताना खालचं फाटतं. त्यावरून नाव पडलं, आणि टोचतातही, म्हणून टिकलं. नोंद पुरी झाली की त्या ती हलक्या आवाजात स्वतःला वाचून दाखवायच्या, आणि वाचताना कुठे अडल्या की पेन्सिल कानावरून खाली यायची. मला त्यांचा तो आवाज आवडायचा. आवडायचा म्हणजे काय ते मी तेव्हाही ठरवलं नाही, आता ठरवण्यात अर्थ नाही. निलवर त्यांनी नऊ दिवस घालवले. त्यांनी लिहिलं होतं की हा शब्द दोघांचा मिळून झाला आहे: एक जुना नकार, म्हणजे आपला 'न'च, आणि दुसरी इच्छा, इंग्रजीतलं 'विल'. हजार वर्षांपूर्वीच दोन्ही असे जुळले की सांधा दिसेना. जसं आपल्या जुन्या भाषेत न जाणणं म्हणजे नेणणं, न घेणं म्हणजे नेघणं. आणि पुढे बारीक अक्षरात होतं, की त्या इच्छेचं मूळ संस्कृतातल्या 'वृ'शी नातं सांगतं, वरणं, निवडणं. म्हणून या शब्दातला नकार हा निवडलेला नकार आहे. ही शेवटची ओळ कोशात छापता येण्यासारखी नव्हती. पण ती वाचून मी डाव्या कोपऱ्यात सही केली, आणि उजव्यात करायला पेन उचललं, एवढ्यात मोठ्या सरांची चिठ्ठी ट्रेमध्ये वरून पडली.

त्यांनी आपली वेगळी चिठ्ठी केली होती. निल हा लॅटिनमधल्या 'काहीच नाही' या अर्थाच्या, दिसायला तस्साच असलेल्या शब्दापासून आला. एक ओळ. खाली सही. मंगळवारच्या बैठकीत ते म्हणाले, "बाई, एवढं लांबण कशाला? नकार म्हणजे शेवटी काय? काही नाही. शून्य. लॅटिनमध्ये शब्द तयार पडलाय."

"सर, तो नंतर आलेला पाहुणा. हा घरचा आहे."

"पण 'न' दोन्हींत आहे ना?"

"आहे. तिकडे लॅटिनमध्ये 'न'च्या पुढे कस्पट या अर्थाचा शब्द आहे, इकडे इच्छा आहे."

कुणीतरी खोकलं. मोठे सर हसले. त्यांचं हसू नेहमी डोळ्यांच्या खाली थांबायचं. "म्हणजे आता तुम्ही मला शिकवणार?"

"छे हो सर," टाचणीबाई म्हणाल्या. "मी फक्त उजवीकडे सही नाही करणार."

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की मला वाटलं विषय संपला. खिडकीवरचा पंखा किरकिरत होता आणि मी मनात म्हणत होतो, शब्द तो केवढा, मेलेला, त्यासाठी कशाला. मला त्यांची नोंद बरोबर आहे हे माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. मोठ्या सरांनाही असावं. पण शब्द बाईंकडचा, म्हणून पहिली उजवी सही त्यांची लागायची; मोठ्या सरांची चिठ्ठी ती सही न होता अकरा दिवस बाईंच्या ट्रेमध्ये पडून राहिली आणि एन अक्षराच्या पानांचा सगळा फर्मा खाली छापखान्यात अडकला. खालचा खिळे जुळवणारा रोज वर यायचा आणि दारातून ओरडायचा, "काय हो, तुमचं 'नाही' अजून नाहीच का?" आम्ही हसायचो. बाईही हसायच्या. बाराव्या दिवशी ट्रेमधून, चिठ्ठ्यांच्या थप्पीत, एक टाइप केलेला कागद आला.

तोच हा कागद. चार ओळींचा. शेवटच्या खुर्चीवरच्या सहायक संपादिकेने प्रकृतीच्या कारणास्तव काम सोडण्याची इच्छा व्यक्त केली आहे; ती मान्य करण्यात यावी. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यावर दोन सह्या होत्या. टाचणीबाई माझ्यापासून आठ फुटांवर बसून पेन्सिलीला टोक करत होत्या, आणि टोकाचे काप त्या नेहमीप्रमाणे जुन्या लिफाफ्यात गोळा करत होत्या. त्यांनी कसलीही इच्छा व्यक्त केलेली नाही हे मला माहीत होतं. मी मान वळवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. कागद हातात धरून मी किती वेळ बसलो? यंत्रं चालू होती, टेबल थरथरत होतं, माझी पेन्सिल घरंगळत पुढच्या ट्रेला टेकली. इथपर्यंत सगळं मला काचेतून पाहावं तसं दिसतं. पुढे मी सही केली. डावीकडे केली. म्हणजे, 'पाहिलं'. कागद आला, मी पाहिला, पुढे दिला. पाहिल्याशिवाय पुढे कसा देणार? हे मी चौतीस वर्षं स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की त्या सहीखालची शाईची छोटी ठिपकीसुद्धा मला डाव्या बाजूला दिसते. झेरॉक्समध्ये ठिपकी आहे. तीच. फक्त उजवीकडे.

आणि संध्याकाळ आठवते, ती जास्त वाईट. बाई पिशवी घेऊन जिना उतरत होत्या. पिशवीत त्यांचा कप होता, पट्टी होती. मी मागोमाग उतरलो. खाली सायकली लावायच्या जागेशी त्यांना गाठून म्हणालो, "मी फक्त पाहिलं म्हणून केली हो सही. डावीकडे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हो का? सांगितलंत ते बरं केलंत." त्यात टाचणी नव्हती; मी शोधली, सापडली नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवलो. पुढच्या सोमवारी मोठ्या सरांची एका ओळीची चिठ्ठी पुन्हा फिरली आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात मी सही केली. ती मला आठवते, ती नाकारायचा प्रयत्न मी कधी केला नाही. शब्द 'काही नाही'पासून आला असं छापलं गेलं. चौतीस वर्षं मुलं ते वाचताहेत. मला सतावायला तेवढं पुरेसं होतं, आणि मला वाटतं मी तेवढंच मुद्दाम सतावू दिलं. माणूस लहान चोरी कबूल करतो, म्हणजे मोठीची झडती होत नाही.

पाकीट आलं त्याच दुपारी कोशाच्या नव्या संपादिकेचा फोन आला. तिला मी एकदाच पाहिलं होतं, चटपटीत, केसांत पेन खोचलेली. मोठ्या सरांच्या जन्मशताब्दीला कोशाची नवी आवृत्ती निघतेय. प्रस्तावना कोशाच्या मंडळाने लिहिली होती आणि खाली नाव माझं होतं, कारण जुन्यांपैकी जिवंत मीच. नुसतं जिवंत राहून माणूस लेखक होतो हे मला नवीन होतं. प्रस्तावनेत एक वाक्य होतं, की त्या सहायक संपादिका प्रकृतीमुळे स्वेच्छेने निवृत्त झाल्या. मी कच्ची प्रत वाचताना त्या वाक्यावरून पुढे गेलो होतो. नजर घसरली म्हणूया.

"सर, प्रस्तावनेचा उतारा वर्तमानपत्रात आला होता ना, तो वाचून त्या बाईंचं पत्र आलंय," ती म्हणाली. "एकच ओळ. मी स्वेच्छेने गेले नाही, तेवढं वाक्य दुरुस्त करावं."

"त्या आहेत?" मी म्हणालो. आणि मग, "आहेत म्हणजे, बरं आहे."

"आहेत ना. अक्षर काय सुंदर आहे हो! पण मंडळ म्हणतंय पुरावा काय? उलट हा कागद पुढे करतात, यावर सहाजणांच्या सह्या आहेत म्हणतात. पाचजण गेले. म्हणून सही ताडायला दोन जुन्या चिठ्ठ्या जोडून तुम्हाला पाठवला. सर, मला जुन्या लोकांकडून कळलं की तुमच्याकडे सही म्हणजे नुसतं पाहिल्याची खूण असायची. खरं का?"

डाव्या-उजव्याचं तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं आता.

"तसं असेल तर सोपं आहे," ती म्हणाली. "तुम्ही तेवढं दोन ओळींत लिहून द्या. म्हणजे कागद पुरावा ठरत नाही. मग मी ते वाक्यच गाळून टाकते. बाईंचं समाधान, मंडळाचंही, तुम्हाला बोल नाही. गुरुवारी सकाळी येऊन घेऊन जाते. चालेल?"

"बरं," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडातून इतक्या वेळा बाहेर पडलाय की त्याला माझी गरज लागत नाही.

हिला मी सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत कोपऱ्यांविषयी पहिल्यांदाच सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "घरातले कोपरे झाडायचे मी, आणि तुम्ही कागदावरचे झाडत बसा. अहो, ती पोरगी तुम्हाला रस्ता दाखवतेय. लिहून टाका आणि मोकळे व्हा."

"पण ते खरं नाही."

"अर्धं तर आहे?"

"उजवं अर्धं नाही."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेव्हा तुमची नोकरी नवी नव्हती, घरात पोर लहान होतं असंही नाही. मी तेव्हा विचारलं होतं, ती बाई गेली कशी? तुम्ही म्हणालात, गेली. मला वाटलं, मेली. दोन दिवस हळहळले मी." आणि पुन्हा जुडी उचलली. तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. बोलणं पुढे गेलं असतं तर मला 'मी घाबरत होतो' असं म्हणावं लागलं असतं, आणि कशाला, हे मला अजूनही सांगता येत नाही. मोठे सर रागावत नसत. ओरडत नसत. ते फक्त सकाळी नमस्कार घेणं बंद करत. मी त्या नमस्काराला घाबरत होतो का? एका माणसाने मान डोलावावी म्हणून मी दुसऱ्या माणसाला खुर्चीवरून उठवलं, हे इतकं किरकोळ आहे की गुन्हा म्हणून लिहायलाही लाज वाटते. मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. कधी वाटतं, मी त्या क्षणी काही ठरवलंच नाही. वर दोन सह्या उजवीकडे होत्या, हात त्यांच्या खाली गेला, रांगेत उभं राहावं तसा. आणि मग वाटतं की हेही मी स्वतःला आता सांगायला लागलोय, आणि आणखी काही वर्षं मिळाली तर याचीही ठिपकी दिसायला लागेल.

मंगळवार आणि बुधवारची सकाळ मी लिहिण्यात घालवली. पहिला मसुदा तीन पानांचा झाला. त्यात खोली होती, यंत्रं होती, सगळ्यांचे स्वभाव होते, आणि मी कुठेतरी मधे सापडत नव्हतो. दुसऱ्यात मी इतका सापडत होतो की वाचणाऱ्याने डोळे पुसावेत. तोही फाडला. शेवटी चार वाक्यं राहिली. त्यांनी काम सोडण्याची इच्छा व्यक्त केली नव्हती. हे मला तेव्हा माहीत होतं. तरी मी त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात सही केली. त्या खोलीत उजव्या कोपऱ्यातल्या सहीचा अर्थ 'मान्य' असा होता. मी ती हलक्या आवाजात वाचून पाहिली. मग स्वच्छ कागदावर उतरवली, घडी घातली आणि बुधवारी दुपारी, हिला फिरून येतो सांगून, दोन बस बदलून टाचणीबाईंच्या घरी गेलो. पत्ता त्यांच्या पत्रावर होता. संपादिकेने फोनवर सांगितला होता.

शहराच्या त्या टोकाला मी कधी गेलो नव्हतो. एकसारख्या इमारती, एकसारखे जिने, प्रत्येक मजल्यावर कुणाची तरी कुंडी. चौथ्या मजल्यावर दार उघडायला वेळ लागला.

"कोण?"

"मी. कोशातला."

"कोशातले सगळे गेले म्हणे."

"मी राहिलोय."

दार उघडलं. त्या वाकल्या होत्या, केस अगदी पातळ झाले होते, पण पेन्सिल कानावर होती. "मधले!" त्या म्हणाल्या. "या. भूत नसाल तर चप्पल बाहेर काढा." खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, खिडकीपाशी टेबलावर भिंग लावलेला दिवा. "पाणी देते. चहा करत नाही आता, हात हलतो. सांडला की मीच मला रागावते."

पाणी पिऊन मी कागद काढला. म्हणालो, "थोडं लिहिलंय. तुम्ही एकदा नजर टाका. काही चुकलं असेल तर..."

"कशाविषयी?"

"त्या कागदाविषयी. मी तुम्हाला खाली सांगितलं होतं ना, की डावीकडे..."

"उजवीकडे होती."

रस्त्यावर कुणीतरी लोखंडी दार ओढलं, त्याचा आवाज संपेपर्यंत मी थांबलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, कागद दाखवल्याशिवाय मला निरोप कसा देणार? मोठ्या सरांनी समोर ठेवला. म्हणाले बघा, सगळ्यांना मान्य आहे. मी मोजल्या. सगळ्या उजवीकडे."

"मग खाली का नाही बोललात?"

"काय बोलणार? तुमचं तोंड पाहिलं तर तुमचा बसला होता विश्वास. मी म्हटलं, एवढ्यात? जिना उतरायला एक मिनिट लागतं." त्या हसल्या. खरंच हसल्या, खोकला येईपर्यंत.

मी कागद पुढे धरून बसलो होतो. त्यांनी हात पुढे केला नाही. मी म्हणालो, "चारच वाक्यं आहेत."

"नको."

"तुमच्याच वाक्याबद्दल आहे. ती नवी संपादिका वाक्यच गाळायचं म्हणतेय, स्वेच्छेने असंही नाही आणि काढलं असंही नाही."

कानावरची पेन्सिल काढून त्यांनी टेबलावर ठेवली, ती घरंगळणार नाही हे पाहिलं. "म्हणजे मी तिथे नव्हतेच," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर हे लिहिलंय. तुम्ही फक्त वाचा, आणि बरोबर असेल तर..."

"तर काय? सही करू?"

मी कागदाकडे पाहिलं. मजकूर मी पानाच्या मध्यावर लिहिला होता आणि वरचे दोन्ही कोपरे मोकळे सोडले होते. मुद्दाम नाही. हाताने सोडले होते.

"नको, मधले," टाचणीबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्या हसत नव्हत्या. "रागाने म्हणत नाही. राग गेला, केव्हा गेला तेही कळलं नाही. पण हे माझ्या ट्रेमध्ये टाकू नका. मी वाचलं की ते आपल्या दोघांचं होईल. तुम्हाला तेच हवंय."

मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मी कागदाची घडी घातली. त्यांनी कोशाविषयी विचारलं, मी म्हणालो तो शब्द या आवृत्तीत गाळताहेत, अप्रचलित म्हणून. "गाळू देत," त्या म्हणाल्या. "त्याची हजार वर्षं झाली. माझी कुठे झालीत?" दारापर्यंत सोडायला आल्या. माफी मागायची म्हणून मी उंबऱ्यावर वळलो, तर त्यांनी दार अर्धं लावून घेतलं होतं. धाडकन नाही, सावकाश, मला दिसेल असं.

गुरुवारी संपादिका साडेदहाला आली. हिने चहा दिला. मी कागद दिला. तिने वाचला, पुन्हा वाचला, केसांतलं पेन काढून पुन्हा खोचलं.

"सर, हे छापायचं?"

"हो."

"शताब्दीच्या आवृत्तीत? मंडळ ऐकेल का? आणि हे सगळं तुमच्यावरच येतंय हो. मोठे सर तर गेले. बाकीचेही गेले. लोक तुमच्याकडेच बोट दाखवणार." ती खरंच कळवळून बोलत होती, त्यामुळे अवघड झालं. "एवढं कशाला? मी म्हटलं होतं तेवढं द्या ना लिहून. हे पाहा, मीच लिहिते, तुम्ही फक्त खाली सही करा." तिने वही उघडली आणि टेबलावर माझ्याकडे सरकवली, पेन वर ठेवून, आणि मला पत्र्याच्या ट्रेचा सरकण्याचा आवाज ऐकू आला. आतमध्ये हिची भांडी वाजायची थांबली होती. मला म्हणायचं होतं ते मी रात्रभर जुळवलं नव्हतं. जुळवलं असतं तर विसरलो असतो.

"मी ते लिहिणार नाही," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता. पातळ, शाळेतल्या मुलासारखा होता. "आणि ते वाक्य तसंच ठेवलं, किंवा नुसतं गाळलं, तर प्रस्तावनेखालचं माझं नाव काढा."

"पण मग प्रस्तावना कुणाच्या नावाने?"

"ते मला माहीत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असेल, किंवा कीव आली असेल. मला चेहरे वाचता येत नाहीत, शब्द येतात. मग तिने कागद फाइलमध्ये घातला. "मी ठेवते मंडळापुढे," ती म्हणाली. "काय होईल सांगता येत नाही." चपला घालताना म्हणाली, "तुमची प्रत आहे ना?" मी नाही म्हणालो. ती थबकली, मग उतरायला लागली.

आमचा जिना अरुंद आहे, पावलं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू येतात. तिची पावलं तिसऱ्या मजल्याच्या वळणावर होती तेव्हा मला वाटलं, शेवटचं वाक्य तरी बदलावं, 'मान्य'च्या ऐवजी काही सौम्य. दुसऱ्यावर वाटलं, ती म्हणते तेच खरं, गेलेल्यांना कशाला. पहिल्यावर मी भिंत धरून थांबलो. खालचं दार वाजलं. मी खिडकीशी गेलो. ती रस्ता ओलांडून बसच्या खांबापाशी उभी राहिली, फाइल छातीशी धरून. बस कुठे दिसत नव्हती. ही माझ्या मागे येऊन उभी राहिली, हात पदराला पुसत. खाली बघत म्हणाली, "हाक मारू का? अजून उभी आहे."

"नको," मी म्हणालो.

बस यायला बराच वेळ लागला. आम्ही दोघं तिथेच उभे होतो.